मतब ते मनोरुग्णालय : मानसशास्त्रज्ञांच्या पर्यवेक्षित प्रशिक्षणाचा इतिहास आणि बेळगाव-निपाणी सीमाभाग

प्रस्तावना

मानसशास्त्राची पदवी घेतलेला विद्यार्थी आणि मनोरुग्णासमोर बसून त्याचे ऐकून घेणारा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांच्यात मोठे अंतर आहे. हे अंतर पुस्तकाने कापले जात नाही. अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली रुग्णालयात किंवा बाह्यरुग्ण विभागात ठरावीक काळ प्रत्यक्ष काम करूनच ते कापावे लागते. यालाच पर्यवेक्षित चिकित्सा-प्रशिक्षण म्हणतात. भारतीय कायद्यानेही आता ही अट स्पष्ट शब्दांत घातली आहे.

बेळगाव, खानापूर, चिकोडी व निपाणी या सीमाभागात मराठी, कन्नड व उर्दू-दखनी या तीन भाषा रोजच्या व्यवहारात एकमेकींत मिसळतात. इथला रुग्ण आपले दुखणे कोणत्या भाषेत सांगतो आणि प्रशिक्षणार्थी ते कोणत्या भाषेत लिहून घेतो, या प्रश्नाला म्हणूनच विशेष महत्त्व आहे. या प्रशिक्षणाचा इतिहास, त्यात धारवाड-बेळगाव परिसराचा वाटा आणि समाजाच्या महाविद्यालयांपुढील प्रश्न यांचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

उस्ताद-शागिर्द परंपरा आणि रुग्णशय्येजवळचे शिक्षण

रुग्णासमोर बसून शिकण्याची कल्पना आधुनिक काळाची देणगी आहे, असा समज सर्वत्र आढळतो. इतिहास तसे सांगत नाही. दहाव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये इब्न अल्-नदीम याने ‘अल्-फिहरिस्त’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात प्रसिद्ध वैद्य अबू बक्र अल्-राझी यांच्या अध्यापनाचे वर्णन येते. राझींच्या पुढे त्यांचे शिष्य व त्या शिष्यांचे शिष्य रांगांनी बसत. आलेला रुग्ण प्रथम बाहेरच्या रांगेतील नवशिक्यांना आपली तक्रार सांगे. त्यांना निदान जमले नाही तर प्रकरण आतल्या रांगेकडे जाई आणि तेथेही उलगडा झाला नाही तर स्वतः राझी बोलत. नवशिक्याला संधी द्यायची, पण त्याच्या चुकीची किंमत रुग्णाला मोजू द्यायची नाही, हे पर्यवेक्षणाचे मूळ तत्त्व या रचनेत पूर्णपणे आलेले आहे.

दमास्कस येथे ११५४ मध्ये उभारलेला नूरी बीमारिस्तान हे वैद्यकीय शिक्षणाचेही केंद्र होते. कैरो येथील १२८४ च्या मन्सूरी बीमारिस्तानात मनोरुग्णांसाठी वेगळी व्यवस्था होती. भारतात युनानी हकिमांच्या मतबमध्ये हीच पद्धत ‘नुस्खानवीसी’च्या रूपाने टिकली. हकीम नाडी पाहून औषधे सांगत आणि जवळ बसलेला शागिर्द नुस्खा लिहून घेई. वर्षानुवर्षे लिहिता लिहिता त्याला रोगाची जाण येई आणि उस्तादाने परवानगी दिल्यावरच तो स्वतःचा मतब थाटत असे.

या परंपरेचा गौरव करताना तिची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. शागिर्दाने किती रुग्ण पाहावेत, कोणत्या कसोटीवर त्याला उत्तीर्ण मानावे, याचे लिखित नियम नव्हते. सर्व काही उस्तादाच्या मर्जीवर व योग्यतेवर अवलंबून होते. विसाव्या शतकाने देखरेखीचे तत्त्व जुनेच ठेवले. नवी गोष्ट केली ती एवढीच, की त्याला मोजमाप दिले.

पाश्चात्य जगातील वाटचाल

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लाइटनर विटमर यांनी १८९६ मध्ये पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय सुरू केले. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांची तपासणी तेथे होत असे व विद्यार्थी त्या कामातूनच शिकत. दुसऱ्या महायुद्धानंतर मानसिक आघात घेऊन परतलेल्या सैनिकांची संख्या इतकी वाढली की प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञांची टंचाई जाणवू लागली. १९४९ मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर येथे परिषद भरली. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला संशोधन व उपचार या दोन्हींचे शिक्षण असावे आणि त्याने रुग्णालयात देखरेखीखाली काम केलेले असावे, हे तत्त्व तिने मान्य केले. पुढे अनेक देशांनी हाच नमुना आपापल्या परीने स्वीकारला.

भारतातील आरंभ

भारतात कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. गिरींद्रशेखर बोस यांनी १९३३ मध्ये तेथील कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकारांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाची स्थापना १९३६ मध्ये झाली आणि पुढच्याच वर्षी तेथे बालमार्गदर्शन केंद्र सुरू झाले. विद्यार्थ्याने वर्गात शिकावे व त्याच संस्थेच्या केंद्रात प्रत्यक्ष मुलांसमोर बसावे, ही सोय मुंबई इलाख्यात त्यातून झाली.

तथापि मनोरुग्णालयांत मात्र मानसशास्त्रज्ञाला जागा नव्हती. १९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. तिच्यासाठी रांचीच्या युरोपीय मनोरुग्णालयाचे अधीक्षक कर्नल मूर टेलर यांनी देशातील मनोरुग्णालयांची पाहणी केली होती. बहुतेक ठिकाणी रुग्णांना कोंडून सांभाळण्यापलीकडे काही होत नाही, असे चित्र त्यातून पुढे आले. मनोविकारशास्त्राचे शिक्षण देणारी संस्था देशात हवी, ही शिफारस येथूनच निघाली.

त्यानुसार १९५४ मध्ये बंगळूर येथे म्हैसूर सरकारच्या मनोरुग्णालयाशी जोडून अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली. डॉ. एम. व्ही. गोविंदस्वामी तिचे पहिले संचालक. १९५५ पासून तेथे डॉक्टरांसाठी व मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र पदविका सुरू झाल्या. मानसशास्त्रज्ञाने दोन वर्षे रुग्णालयात राहून शिकावे, ही भारतातील पद्धत येथे रुजली. १९६२ मध्ये रांची येथे असाच अभ्यासक्रम सुरू झाला. १९७४ मध्ये बंगळूरची संस्था व मनोरुग्णालय यांचे एकत्रीकरण होऊन आजची ‘निमहान्स’ अस्तित्वात आली. पदविकेचे रूपांतर पुढे दोन वर्षांच्या एम.फिल. मध्ये झाले.

धारवाडचे मनोरुग्णालय आणि सीमाभाग

या राष्ट्रीय इतिहासाला सीमाभागाचा एक जुना धागा जोडलेला आहे. धारवाड येथील वेड्यांच्या इस्पितळाची सुरुवात १८४५ ची. मुंबई इलाख्यात पुणे, रत्नागिरी, अहमदाबाद इत्यादी ठिकाणी अशी इस्पितळे होती. दक्षिण भागासाठी धारवाड होते. बेळगाव, चिकोडी, निपाणी, खानापूर येथील ज्या रुग्णांना घरी सांभाळणे अशक्य होई, त्यांना तेथे धाडण्यात येई. ‘धारवाडला पाठवणे’ या शब्दप्रयोगाला या भागातील घरगुती बोलीत जो अर्थ आला, तो पुण्याकडे ‘येरवड्याला पाठवणे’ याला आहे तोच. विनोदाने उच्चारल्या जाणाऱ्या या शब्दांमागे अनेक कुटुंबांची लपवलेली दुःखे आहेत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा, तसेच धारवाड, विजापूर व कारवार हे जिल्हे मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. धारवाडचे रुग्णालय कन्नड प्रशासनाखाली आले. रुग्णांचा ओघ मात्र नकाशावरील रेषेप्रमाणे बदलला नाही. निपाणीच्या माणसाला धारवाडपेक्षा कोल्हापूर निम्म्याहूनही जवळ. परिणामी मराठी व उर्दू बोलणारा रुग्ण कधी कोल्हापूर-मिरजेकडे, कधी बेळगावला, तर कधी धारवाडला जात राहिला. एका रुग्णाची कागदपत्रे दोन राज्यांत व तीन भाषांत विखुरली जातात आणि पुढच्या तपासणाऱ्यास आधीचा इतिहास हाती लागत नाही, ही अडचण त्यातून निर्माण झाली.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने १९९९ मध्ये देशातील ३७ सरकारी मनोरुग्णालयांविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. प्रशिक्षित मनुष्यबळाची उणीव हा त्यातील एक ठळक मुद्दा होता. पुढील दशकात धारवाडच्या रुग्णालयाचा कायापालट होऊन ती ‘धारवाड मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था’, म्हणजे ‘डिमहान्स’, ही स्वायत्त संस्था झाली. चिकित्सा मानसशास्त्राचे प्रशिक्षणही तेथे सुरू झाले. ज्या इमारतींत एके काळी माणसे केवळ कोंडली जात, त्याच आवारात विद्यार्थी रुग्णाचा इतिहास लिहून घेण्यास शिकू लागले.

कामत कसोटी : या मातीतील एक साधन

प्रशिक्षणार्थी मानसशास्त्रज्ञाच्या हाती जी साधने पडतात, त्यांपैकी एक याच प्रदेशात जन्मले, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. फ्रान्समधील बिने-सिमोन बुद्धिमापन कसोटीचे व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड व मराठी भाषिक मुलांसाठी रूपांतर केले आणि १९३४ मध्ये त्याविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. ही कसोटी ‘मुंबई-कर्नाटक आवृत्ती’ म्हणून ओळखली गेली. मुंबई-कर्नाटक म्हणजे मुंबई इलाख्यातील बेळगाव, धारवाड, विजापूर व कारवार हा मुलूख. पुढे ‘बिने-कामत कसोटी’ या नावाने ती देशभर पसरली. कित्येक दशके रुग्णालयांत मुलांचा बुद्ध्यंक काढण्यासाठी ती वापरली गेली.

या कसोटीचा इतिहास पर्यवेक्षणाच्या दृष्टीने बोधप्रद आहे. कामत यांनी परदेशी प्रश्न जसेच्या तसे उचलले नाहीत. इथल्या मुलाला परिचित वस्तू व शब्द कोणते, याचा विचार केला. पण कन्नड व मराठी या दोनच भाषांसाठी ही तयारी झाली होती. निपाणीच्या एखाद्या घरात दखनी बोलणारे आणि उर्दू शाळेत जाणारे मूल समोर आले, की प्रशिक्षणार्थी प्रश्नांचे जागच्या जागी भाषांतर करू लागतो. शब्द कठीण झाला तर मूल मागे पडलेले दिसते, सोपा झाला तर पुढे गेलेले दिसते. दोन्ही वेळी आकडा येतो आणि आकड्याला शिक्का बसतो. त्या शिक्क्यावर मुलाची शाळा, अपंगत्वाचा दाखला व सवलत अवलंबून असते.

अशा वेळी मार्गदर्शकाचे काम काय? ‘हे मूल कोणत्या भाषेत विचार करते?’ हा प्रश्न तो प्रथम विचारायला लावतो. शब्दांवर न विसंबणारी कृती-कसोटी जोडीला द्यायला सांगतो. चंद्रमोहन भाटिया यांची १९५५ ची कृती-कसोटी निरक्षर मुलांनाही देता यावी अशाच रीतीने रचलेली होती. शिवाय कसोटी जुनी, तिचे मानदंड जुने, याची नोंद अहवालात करायला तो शिकवतो. पुस्तकात हे सारे दोन ओळींत येते. प्रत्यक्षात ते अंगवळणी पडायला महिने लागतात.

दुःखाची भाषा

मनोरुग्णाची तपासणी मुख्यतः बोलण्यातून होते. रक्त तपासून उदासी कळत नाही. म्हणूनच शब्दांचे ज्ञान हे येथे वैद्यकीय साधन ठरते. मराठी रुग्ण ‘जीव घाबरा होतो’, ‘मन लागत नाही’, ‘डोकं बधिर झालंय’ असे सांगतो. उर्दू-दखनी घरातील स्त्री ‘दिल घबराता’, ‘सर भारी है’ म्हणते. कन्नड माणूस ‘मनस्सु सरि इल्ल’ एवढेच म्हणून थांबतो. ‘बाहेरचं आहे’, ‘असर है’, ‘साया है’ ही वाक्ये ऐकून नवखा प्रशिक्षणार्थी लगेच भ्रमाचे निदान लिहू पाहतो. अनुभवी मार्गदर्शक त्याला थांबवतो. ज्या समाजात ही समजूत सर्वसाधारण आहे, तेथे ती रोगाचे लक्षण ठरत नाही, हे तो दाखवून देतो.

‘वसवसा’ या शब्दाचे उदाहरण अधिक नाजूक आहे. धार्मिक परिभाषेत त्याचा अर्थ मनात डोकावणारी शंका. वुजू नीट झाले की नाही, नमाजच्या रकाती किती झाल्या, अशी शंका कोणाही श्रद्धावंताच्या मनात येऊ शकते. पण एखादी व्यक्ती दर वेळी वुजू पुन्हा पुन्हा करते, त्यात तास घालवते, हात सोलवटेपर्यंत धुते, नमाजची वेळ टळली म्हणून रडते. तेव्हा ती केवळ धर्मनिष्ठा राहत नाही. तेथे विचार-कृती अनिवार्यतेचा विकार असू शकतो व तो उपचाराने आटोक्यात येतो. ही सीमारेषा ओळखायला धर्माचे ज्ञान लागते आणि विकाराचेही. एकच बाजू जाणणारा दोन्ही प्रकारे चुकेल. सोवळेओवळे पाळणाऱ्या हिंदू घरांतही हीच गोष्ट वेगळ्या रूपात आढळते.

श्रद्धास्थाने आणि प्रशिक्षित मनुष्यबळाचा अभाव

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी निवासाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण त्यात दगावले. या घटनेने सर्वोच्च न्यायालयाने राज्यांकडून माहिती मागवली व देशाला खडबडून जाग आली. दोष श्रद्धेला देऊन मोकळे होणे सोपे होते. मूळ प्रश्न हा होता, की आपल्या माणसाला घेऊन कुटुंबाने जावे तरी कोठे? जवळ प्रशिक्षित माणूस नसेल तर कुटुंब जेथे दार उघडे आहे तेथेच जाते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने रुग्णाला कोणत्याही स्वरूपात साखळीने बांधण्यास मनाई केली आहे.

गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यावर २००८ मध्ये ‘दवा-दुआ’ हा उपक्रम सुरू झाला. दर्ग्याच्या मुजावरांनी दुआ करावी व गंभीर लक्षणे दिसताच तेथील उपचार केंद्राकडे रुग्णाला पाठवावे, अशी ही व्यवस्था. मुजावरांना लक्षणे ओळखण्याचे शिक्षण देण्यात आले. श्रद्धेला धक्का न लावता उपचार पोहोचवता येतो, हे त्यातून दिसले. सीमाभागातील दर्गे व देवस्थाने यांच्या बाबतीतही हा धडा उपयोगी आहे. मात्र असे केंद्र चालवायला प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ हवाच. आणि तो रुग्णाची भाषा जाणणारा हवा.

कायद्याची चौकट

१९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या व्याख्यांत मनोविकारतज्ज्ञ होता. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ नव्हता. १९९२ च्या भारतीय पुनर्वसन परिषद कायद्याने त्याला नोंदणीकृत व्यावसायिकाचा दर्जा दिला. नोंदणीशिवाय व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. परिषदेच्या एम.फिल. अभ्यासक्रमात दोन वर्षे पूर्णवेळ रुग्णालयीन काम, पहिल्या वर्षी निदानाचे व दुसऱ्या वर्षी मानसोपचाराचे सविस्तर अहवाल आणि शोधप्रबंध यांचा समावेश होता. २०१७ च्या कायद्याने चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची व्याख्या करताना परिषदेची मान्यता आवश्यक ठरवली आणि एम.फिल. च्या संदर्भात ‘पर्यवेक्षित चिकित्सा-प्रशिक्षण’ हे शब्दच वापरले. मतबमधील अलिखित नियम अशा रीतीने संसदेच्या कायद्यात आला.

परंतु याच काळात नवे वळण आले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने एम.फिल. पदवी बंद करण्याचे ठरवले. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये ती मान्यताप्राप्त पदवी राहिली नसल्याचे जाहीर केले व त्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये चिकित्सा मानसशास्त्र आणि मनोविकार सामाजिक कार्य या दोन विषयांपुरती २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली. एम.फिल. ची जागा घेणाऱ्या अभ्यासक्रमांत पदवीचे नाव काय, हा प्रश्न दुय्यम आहे. रुग्णालयातील दोन वर्षांची देखरेख नव्या रचनेत तितकीच कसून राहील काय, हा मुख्य प्रश्न आहे. देखरेख सैल झाली तर त्याचा फटका प्रथम बसेल तो लहान गावांतील, अल्पसंख्य भाषा बोलणाऱ्या रुग्णांना. कारण चुकीचे निदान ओळखून दुसरीकडे जाण्याची ऐपत त्यांच्याकडे सर्वांत कमी असते.

महाविद्यालयीन शिक्षकांपुढील कार्य

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की वेगवेगळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. ही दरी भरून काढण्यात महाविद्यालयांना पुढील गोष्टी करता येतील.

पहिली गोष्ट, विद्यार्थ्यांना खरी माहिती देणे. मानसशास्त्रात बी.ए. किंवा एम.ए. झाले की फलक लावता येतो, असा गैरसमज आहे. समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व मनोविकारतज्ज्ञ हे चार वेगळे व्यावसायिक आहेत, हे प्रथम वर्षातच सांगितले पाहिजे. मुलींच्या पालकांशी विशेष संवाद हवा. दोन वर्षे धारवाड, बंगळूर किंवा पुण्यात वसतिगृहात राहून रुग्णालयात काम करायचे म्हटले की अनेक घरांतून परवानगी मिळत नाही. आणि आपल्या भाषेत बोलणारी स्त्री मानसशास्त्रज्ञ मिळाली नाही म्हणून उपचार न घेणाऱ्या स्त्रियाही त्याच घरांत असतात. या दोन्ही गोष्टी एकाच नाण्याच्या बाजू आहेत, हे पालकांना समजावून देणे शिक्षकांनाच शक्य आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. मराठी व उर्दू विभागांनी मानसशास्त्र विभागाबरोबर बसून सीमाभागातील बोलीत मानसिक त्रासासाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांचा संग्रह तयार करावा. शब्द कोणत्या गावचा, कोणत्या वयाच्या माणसाच्या तोंडचा, त्याला कन्नडमध्ये काय म्हणतात, हे त्यात नोंदवावे. अशा संग्रहाचा उपयोग रुग्णालयातील प्रशिक्षणार्थ्याला कोणत्याही पाठ्यपुस्तकाइतकाच होईल.

तिसरी गोष्ट मर्यादेची. महाविद्यालयातील समुपदेशन केंद्रात विद्यार्थी-स्वयंसेवक बसवताना त्यांच्यामागे अधिकृत व्यावसायिकाची देखरेख असावी. आत्महत्येचा विचार, भास, फिट्स अशी लक्षणे दिसताच रुग्णाला कोठे पाठवायचे, याची लेखी यादी तयार असावी. चांगल्या हेतूने दिलेला अर्धवट सल्लाही जिवावर बेतू शकतो.

समारोप

राझींच्या रांगांपासून २०१७ च्या कायद्यापर्यंत एकच सूत्र दिसते : शिकणारा चुकणारच, म्हणून त्याच्या मागे जाणकार उभा असला पाहिजे. धारवाडच्या आवाराने कोठडीपासून प्रशिक्षणापर्यंतचा प्रवास केला. कामत यांनी याच मुलखात मुलाच्या भाषेत प्रश्न विचारण्याचा आग्रह धरला. मात्र त्यांच्या कामात उर्दूची जागा रिकामी राहिली. ती भरून काढण्यासाठी सीमाभागातील तीन भाषा जाणणारे विद्यार्थी या प्रशिक्षणापर्यंत पोहोचले पाहिजेत. त्यांना तेथपर्यंत पोहोचवण्याची सुरुवात महाविद्यालयाच्या वर्गातून होते.